नावं झाकून

रोबोच्या डोळ्यातून पाणी येतं, ही गोष्ट मी एका उन्हाळ्यात इतक्यांदा वाचली की शेवटी शेवटी कथेत रोबो दिसला की मीच त्याला म्हणायचे, रड बाबा एकदाचा, म्हणजे मला पुढची कथा हातात घेता येईल.

मी नांदेडला कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. फावल्या वेळात कथा लिहिते. माझ्या कथांत जे घडू शकत नाही ते घडतं. दिवाळी अंकवाले त्यांना अद्भुत म्हणतात, विज्ञानवाले भंपक म्हणतात, आणि आमच्या घरात त्यांना 'तुझं ते भुताखेताचं' म्हणतात. एवढ्या भांडवलावर मला लातूरहून फोन आला. मराठवाड्यातल्या नव्या लेखकांच्या विज्ञानकथा आणि कल्पनाकथांचा संग्रह काढायचा होता, आणि निवड समितीत त्यांना नांदेडकडची एक बाई हवी होती. बाई कुठलीही चालली असती, पण मी एक-दोन पुस्तकांची धनीण होते.

फोन करणारे आमचे अध्यक्ष. निवृत्त प्राचार्य. लातुरात कुठलाही कार्यक्रम असो, व्यासपीठावरची मधली खुर्ची त्यांचीच. "मॅडम, आपल्यावर कायम अन्याय होऊन राहिला," ते म्हणाले. "पुण्या-मुंबईचे लोक आपापसात कथा वाटून घेतात. आपण तसं न्हाई करायचं. नावं झाकून निवडायचं. कोण कुठला, कोणत्या जातीचा, काही कळायलाच नको."

मला ते मनापासून आवडलं. तिकडच्या संग्रहांत लग्नपत्रिकेतल्या निमंत्रकांसारखी तीच ती नावं मीही वर्षानुवर्षं वाचत आले होते. मी लगेच हो म्हटलं, आणि पुढचे कितीतरी रविवार एसटीच्या खिडकीला टेकून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला जात राहिले.

समितीतले तिसरे म्हणजे क्लासवाले सर. लातुरात फिजिक्स शिकवायचे. छपाईचा खर्च त्यांचा, म्हणून बैठकाही त्यांच्याच क्लासच्या इमारतीत, सगळ्यात वरच्या मजल्यावर. जिन्याच्या भिंतीवर तळापासून वरपर्यंत पहिल्या आलेल्या मुलामुलींचे फोटो. सगळे एकाच पार्श्वभूमीवर काढलेले आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच भाव, झोप न झाल्याचा. वर गेलं की बाकांवर बसून चुरमुऱ्यांचा सुशीला खायचा आणि वाङ्मयाचा निवाडा करायचा.

नावं झाकायचं काम क्लासच्या ऑफिसनं चोख केलं होतं. बोर्डाच्या उत्तरपत्रिकेवर असते तशी पांढरी पट्टी प्रत्येक कथेच्या डोक्यावर चिकटवलेली आणि बाजूला नंबर. इथवर काही तक्रार नव्हती. पण सरांचा हात एकदा उत्तरपत्रिकेला लागला की तो थांबतो होय! त्यांनी कथांना गुण द्यायची पद्धत बसवली. कल्पनेला इतके, भाषेला इतके, संदेशाला इतके. आणि शास्त्रीय चूक सापडली तर गुण वजा.

"निगेटिव्ह मार्किंग पाहिजेच मॅडम," सर म्हणाले. "न्हाई तर कुणीबी अंदाजानं ठोकतंय."

"कथा अंदाजानंच ठोकायची असते सर," मी म्हटलं.

ते हसले. मी विनोद केला असं त्यांना वाटलं. अध्यक्षांना तर पद्धत इतकी आवडली की त्यांनी घरून लाल पेन आणला.

वजा गुणांची गंमत अशी की ज्यानं कसलंच धाडस केलं नाही त्याचं काही वजा होत नाही. एखाद्याच्या कथेत नदी उलटी वाहिली की गेले चार गुण. पण शास्त्रज्ञ, त्याची प्रयोगशाळा, त्याचा रोबो, रोबोला शिकवलेली माया आणि शेवटी रोबोच्या गालावरचा अश्रू, यात चुकायला जागाच नाही, कारण यात नवीन काही नाहीच. अशा कथा पैकीच्या पैकी घेऊन वर जात राहिल्या. शास्त्रज्ञ कायम पुण्यातला. लातूर, नांदेडच्या लेखकालाही आपल्या गावात शास्त्रज्ञ ठेवायचा धीर होत नव्हता. उदगीरचा एक शास्त्रज्ञ कुठंतरी आला होता, तोही दुसऱ्या पानावर परदेशी गेला.

अध्यक्ष अशा प्रत्येक कथेच्या खाली लाल अक्षरात लिहायचे, 'मानवी मूल्यांचा हृद्य आविष्कार.' मला वाटतं, ते आता जेवण झाल्यावरही तेच म्हणत असतील.

मग एका रविवारी ती कथा माझ्या हाती आली. रेघांच्या कागदावर, हातानं लिहिलेली. बसमध्ये वाचायला घेतली आणि अहमदपूरला सगळी बस चहाला उतरली तरी मी बसूनच होते.

कथेतल्या गावात झाडं संपलेली असतात. घरांवर पत्रे, त्यामुळं घरात बसवत नाही आणि बाहेर बसायला सावली नाही. एकच लिंब उरलेला असतो आणि तो गावाबाहेर, बौद्धवाड्यात. या गावात सावलीची घडी घालता येते, चादरीसारखी. सकाळी झाडाखालची सावली उचलायची, घडी घालायची, डोक्यावर घेऊन जायची आणि आपल्या अंगणात अंथरायची. गावातले लोक वाड्यात येऊन बसायला तयार नसतात, पण सावली तर हवी असते. मग ते निरोप धाडतात की सावली आणून द्या. वाड्यातली माणसं देतात. मग दुसरा निरोप येतो की नुसती देऊ नका, धुऊन द्या. तुमच्याकडची आहे ती.

वाड्यातल्या बाया रोज सावली धुऊ लागतात. आणि धुतली की सावलीचा रंग जातो, कापडाचा जातो तसा. काळीची करडी होते, करडीची पिवळट. तरी निरोप येतच राहतात, अजून धुवा. शेवटी एक दिवस गावातला म्हातारा ती घडी आपल्या अंगणात उलगडतो आणि तिच्यातून नुसतं ऊन बाहेर पडतं.

मी इतकी वर्षं या प्रकारचं लिहिते, पण हे वाचून मला सरळ हेवा वाटला आणि लगेच त्याच्यापेक्षा मोठा आनंद वाटला. लातूरला पोचेपर्यंत मी ती तीनदा वाचली होती. जिना चढताना भिंतीवरच्या त्या झोपाळू पोरांनाही सांगावंसं वाटत होतं की बाबांनो, सापडली.

वर सरांनी त्यांच्याकडच्या झेरॉक्सवरून ती कथा आधीच तपासून ठेवली होती.

"सावली ही वस्तूच न्हाई," ते म्हणाले. "प्रकाशाचा अभाव आहे ती. अभावाची घडी कशी घालणार? मायनस चार. पुन्हा धुतली, परत मायनस चार."

"रोबो रडतो ते?"

"ते होऊ शकतं. सेन्सर बसवून."

आता याला काय म्हणावं! डोळ्याला नळ बसवला की ते विज्ञान, आणि माणसानं माणसाला उन्हात ठेवलं की तो अभाव. मी आवाज चढवला. सर म्हणाले, "मॅडम, तुम्ही लई इमोशनल होऊन राहिलात." आमच्याकडं बाईचा मुद्दा बरोबर असला की ती इमोशनल होऊन राहिलेली असते.

अध्यक्षांनी मग मधली खुर्ची सांभाळली. कथा चांगली आहे, हे त्यांना कळलं होतं, हेच मला जास्त खटकतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "हे कल्पित न्हाई वाटत मला. हे सामाजिक हाय. यांचे वेगळे संग्रह निघतात की. तिकडं शोभेल."

"यांचे म्हणजे कुणाचे सर? नाव तर झाकलेलं आहे."

"कळतंय की हो वाचून."

मी सांगितलं, ही कथा नसेल तर मीही नाही. नांदेडकडची दुसरी बाई शोधायला त्यांना पुन्हा फोनाफोनी करावी लागली असती, म्हणून असेल, पण ते नमले. नमण्याचीही त्यांची एक पद्धत होती. संग्रहाच्या शेवटी एक वेगळं दालन करायचं, त्यात ही एकच कथा घालायची. दालनाला नाव 'मातीचा आवाज'. आणि भाषा जरा शुद्ध करून घ्यायची. अध्यक्ष स्वतः करणार होते, लाल पेनानं.

कथेतला गाव जे मागत होता तेच आमची समिती मागत होती. द्या, पण धुऊन द्या. मी हे त्यांना तोंडावर बोलून दाखवलं. अध्यक्ष म्हणाले, "वा, हे प्रस्तावनेत घेता येईल." अशा माणसापुढं काय बोलायचं?

निवड झाली. बारा कथा. अकरा सरळ रांगेत आणि बारावी मागच्या दाराला. मग नावं उघडायचा समारंभ झाला. त्यासाठी पेढे आणले होते. सरांनी एकेक पट्टी ओढून काढली आणि नाव वाचलं. पहिलं नाव एका निवृत्त इंजिनियरांचं, लातूरचेच. दुसरी पट्टी निघाली. तेच इंजिनियर. तिसऱ्यावर दुसरं कुणी होतं, पण चौथ्यावर पुन्हा तेच. अकरापैकी सहा कथा त्या एका गृहस्थांच्या निघाल्या. त्यांनी चिकार पाठवल्या होत्या, किती पाठवायच्या याचा नियम करायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, आणि आम्ही न्यायानं डोळे मिटून त्यांचाच रोबो सहा वेळा रडवून घेतला होता. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात ते मी त्या दिवशी पेढा हातात धरून पाहिलं.

इंजिनियरांचा यात काही दोष नव्हता. त्यांना लिहायची हौस, वेळ भरपूर. पण सहा कथा एकाच्याच, तर तो संग्रह कसला? मला वाटलं, आता तरी पुन्हा वाचतील. बाजूला टाकलेल्यांच्याही पट्ट्या मी काढून पाहिल्या होत्या. त्यांत डोक्यावर ढग वाहून नेणाऱ्या बायकांची एक कथा होती, रेणापूरकडच्या एका मुसलमान शाळामास्तराची एक विलक्षण कथा होती, जिच्यात उर्दू शाळेचा फळा रात्रीतून स्वतःच धडा बदलतो. मी ती नावं घेतली. सर म्हणाले, "मार्क कमी हायत त्यांना. आता बदललं तर अन्याय होईल."

मग अध्यक्षांनी इंजिनियरांना फोन लावला आणि अडचण सांगितली. त्या सज्जन माणसानं लगेच तोडगा दिला. एक कथा स्वतःच्या नावानं ठेवा, बाकीच्या बायकोच्या, सुनेच्या, जावयाच्या आणि दोन पुतण्यांच्या नावानं छापा. अध्यक्षांचा चेहरा खुलला. "बघा, दोन महिलाबी आल्या," ते म्हणाले.

म्हणजे न्यायासाठी नावं झाकली आणि विविधतेसाठी नावं वाटली. इंजिनियरांच्या सुनेला आपण विज्ञानकथा लिहिली हे पुस्तक बघूनच कळलं असणार.

बारावी पट्टी मी काढली. खाली बाईचं नाव होतं. अर्धापूरजवळच्या एका गावात आरोग्य केंद्रात नर्स. अध्यक्षांनी सगळ्यांसमोर तिला फोन लावला आणि स्पीकर चालू केला, आपलं औदार्य आम्हालाही ऐकू यावं म्हणून.

"अभिनंदन बाई. तुमची कथा घेतली आम्ही. वेगळ्या दालनात, एकदम शेवटी, खास. भाषा तेवढी थोडी शुद्ध करतो."

पलीकडं एक ट्रक गेला, केळीचा असावा. तो जाईपर्यंत ती थांबली.

"सर, नावं झाकली व्हती म्हणता ना?"

"हाव, एकदम. बोर्डासारखी."

"मग मला बाजूला बसवायचं तुम्हाला कसं कळलं?"

सर फोनकडं बघत होते, बिघडलेल्या यंत्राकडं बघावं तसे. अध्यक्ष म्हणाले, "तसं न्हाई बाई, तसं न्हाई. हा मान हाय."

"माझ्या आईला लई हौस व्हती छापलेलं बगायची," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, कापतही नव्हता. "तिनं समद्या गल्लीला सांगून ठेवलंय. तिला वाचता येत न्हाई, पर नाव ओळखता येतं माझं. सगळ्यांच्या पंगतीत बसवत असाल, जशी हाय तशी, तर घ्या. न्हाई तर माझे कागद परत धाडा."

अध्यक्षांनी विचार करून कळवतो म्हटलं आणि फोन ठेवला. मग पेढा उचलला. "बघा मॅडम. यांना द्या, तरी समाधान न्हाई."

मी त्यांना काय म्हटलं ते सगळं इथं लिहिता येणार नाही, माझे विद्यार्थी वाचतात. थोडक्यात एवढंच, की तिला जे कळायला एक मिनिट लागलं ते आपल्याला लाल पेन घेऊन उन्हाळाभर कळलं नाही. कथा तिच्या जागी घ्या, नाहीतर माझंही नाव पुस्तकावरून काढा. इतकी झाकायची हौस आहे तर माझं झाका. तिचे कागद मी उचलून पिशवीत टाकले आणि फोटोंचा जिना उतरून बसस्टँडवर आले. मला वाटत होतं की मागून फोन येईल. चाकूरपर्यंत वाट पाहिली. आला नाही.

पुस्तक निघालं. अकरा कथा, आणि प्रस्तावनेत ठळक अक्षरात, की मराठवाड्यात प्रथमच संपूर्ण निःपक्ष निवड. प्रकाशन झालं, इंजिनियर सहकुटुंब स्टेजवर होते असं कळलं, आणि ते बरोबरच आहे, अर्धा संग्रह त्यांच्याच घरचा. मला टपालानं प्रती आल्या. मुखपृष्ठ आधीच छापून झालं होतं, ते वाया कोण घालवणार? त्यांनी संपादकांतल्या माझ्या नावावर पांढरी पट्टी चिकटवली होती. तीच, उत्तरपत्रिकेची. क्लासमध्ये ढिगानं पडलेल्या असतात.

त्यातली एक प्रत आणि तिचे कागद घेऊन मी अर्धापूरला गेले. पोस्टानं पाठवता आले असते, पण पोस्टाला तोंड नसतं, आणि मला तिला सांगायचं होतं की तुमची कथा आमच्या सगळ्यांपेक्षा मोठी आहे. सांगितलं. सावलीची घडी होत नाही म्हणून सरांनी गुण कापले तेही सांगितलं. ती ड्यूटीवरून नुकतीच आली होती, पांढरी साडी तशीच. तिनं ऐकून घेतलं, चहा टाकला आणि पुस्तक हातात घेऊन आधी मुखपृष्ठ उजेडाकडं धरलं.

"नाव दिसतंय की मॅडम तुमचं. पट्टीतून."

"दिसू द्या," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

तिची आई दारात बसली होती. तिनं पुस्तक मागून घेतलं, उलटंसुलटं केलं, बोट फिरवत लेकीचं नाव शोधलं. लेक म्हणाली, "न्हाई त्यात, आई. सांगितलं व्हतं ना तुला." आईनं पुस्तक मिटून माझ्याकडं परत दिलं, माझंच काहीतरी त्यांच्याकडं विसरलं होतं तसं. मला त्या घटकेला अध्यक्षांचा, सरांचा, आणि त्या अकराही रोबोंचा असा संताप आला की मी चहाचा कप खाली ठेवला.

मग आई म्हणाली, "त्यात न्हाई तर तू वाच. काय लिवलंय ते ऐकू दे तरी."

तिनं कागद उलगडले आणि वाचलं. तिच्या आवाजात कथा आणखी साधी वाटत होती. पत्र्याची घरं, लिंब, सावलीची घडी, पहिला निरोप, दुसरा निरोप. आई लक्ष देऊन ऐकत होती, मधूनच मान हलवत होती. धुऊन धुऊन सावलीचा रंग गेला तिथं तिनं आपले तळहात पदराला पुसले. म्हातारा घडी उलगडतो आणि ऊन बाहेर पडतं, तिथं कथा संपली.

"झालं?" आईनं विचारलं.

"झालं."

"आन् ह्ये लोकान्नी घेतलं न्हाई?"

"सावलीची घडी व्हत न्हाई म्हणले. मनानं रचलेलं बी शास्त्राला धरून पाहिजे म्हणले."

आईनं लेकीकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी शिकलेली, मी तरी सांगेन असं तिला वाटलं असावं.

"मनानं रचलेलं?" ती म्हणाली. "ह्याच्यात रचलेलं कोणतं हाय?"